चोकवर चाललेली गाडी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसायचा. “अहो, झाली का चालू?” असं अव्वा, माझी आई, स्वयंपाकघरातून विचारायची आणि अंगणात अप्पा लेंग्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत खोचून किक मारत असायचे. उत्तर त्यांना द्यावं लागायचं नाही, गाडीच द्यायची. आधी कोरडा खोकला, मग लांबलचक घरघर, मग निळा धूर, आणि चोक आत ढकलला रे ढकलला की गप्प. आमच्या बोळात दोन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने होते आणि मागांची खटाखट उजाडायच्या आधी सुरू व्हायची. लाईट गेली की माग थांबायचे आणि माणसं काहीतरी घडल्यासारखी दारात यायची. आवाजात आम्हाला झोप लागायची. बंद पडलेलं यंत्र मात्र घरात कुणालाच सहन व्हायचं नाही, आणि त्या उन्हाळ्यात ते अंगणातच उभं होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा संपली होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. अव्वा म्हणायची, “हिच्या पायात भवरा हाय.” सकाळी मी डबे लावायची, दुपारी ते सगळे खाली काढून पुन्हा वेगळ्या क्रमाने लावायची. अप्पांच्या मालाच्या गठ्ठ्यांवर मी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या: मोठे टॉवेल, पंचे, हातरुमाल, दुसऱ्या प्रतीचा माल. ती सवय आजही गेलेली नाही. माझ्या फ्रिजच्या दारावर कायम एक यादी असते आणि ती संपली की मला करमत नाही. पण यादी करणं आणि घराबाहेर पडणं यांत फरक असतो. मला बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर नेणारी एकमेव गोष्ट चोक ओढल्याशिवाय चालत नव्हती.

अप्पा बाजारकरी होते. कारखान्यांतून टॉवेल उचलायचे आणि आठवडी बाजारांत पाल टाकून विकायचे. जवळचे बाजार सायकलवर, एखाद्याच्या टेम्पोत, कसेही व्हायचे. घर चालायचं ते वैरागच्या बाजारावर. तिथे अप्पांची जागा होती, बाजाराच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून. ऊन फिरलं तरी तिथे सावली राहायची आणि दळण घेऊन आलेली प्रत्येक बाई समोरून जायची. अशा जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. जो दर बाजाराला येतो त्याची जागा. एखादा बाजार चुकला तर शेजारचा माणूस तिथे दगड ठेवतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, ह्यांचं येणं हाय. दुसरा चुकला तरी दगड असतो. लागोपाठ तिसरा चुकला की शेजारी स्वतःच दगड उचलतो आणि जो पहिला पाल टाकेल त्याची ती जागा होते. यावर भांडण नाही, अपील नाही. आजारपण सांगा, मयत सांगा, उपयोग नाही. एसटीने जाऊन चालायचं नाही, कारण गाठोडी टपावर चढवून पहिली एसटी पोचेपर्यंत बाजार भरलेला असायचा आणि उशिरा आलेल्याला न आलेल्यातच धरायचे.

म्हणून अप्पांनी गाडी घेतली. जुनी, दोघातिघांच्या हातून आलेली, टाकीचा रंग उडालेला, सीटवर चिकटपट्टी. ती आली त्या दिवशी अव्वाचं शिलाई मशीन गेलं. एका वस्तूची दुसरी झाली, एवढंच अप्पांनी सांगितलं, आणि तेही झाल्यावर. अव्वा माहेरहून, अक्कलकोटच्या पलीकडून, ते मशीन घेऊन आली होती. बोळातल्या निम्म्या परकर-पोलक्यांना तिचा हात लागलेला होता. ती भांडली नाही. मशीनच्या जागी जमिनीवर चार खुरांचे डाग उरले होते, ते तिने फरशी पुसताना कधी पुसले नाहीत. आणि ती अप्पांशी बोलायची थांबली. भाकरी वाढायची, चहा द्यायची, बोलायची माझ्याशी. “ह्यांना सांग, पाणी तापलंय.” अप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. “तिला सांग, येतो.” मी दोघांच्या मध्ये उभी राहून काहीच सांगायची नाही. दोघांनाही ऐकू आलेलंच असायचं.

ही तऱ्हा संपली ती डागामुळे. गाडीच्या टाकीच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं. खड्डा आला की पेट्रोल उसळून झाकणाच्या कडेने बाहेर यायचं आणि अप्पांच्या लेंग्यावर पडायचं. बाजारात गिऱ्हाईक बाई टॉवेल नाकाजवळ न्यायची, मग अप्पांकडे बघायची आणि टॉवेल खाली ठेवायची. अव्वाने एका सकाळी लेंगा धुताना तो डाग बराच वेळ चोळला. त्या दुपारी तिने नव्या कोऱ्या गुलाबी टॉवेलातून एक गोल चकती कापली, कडेने हाताने काजाचा टाका घालत गेली, एवढा बारीक की मशीनलाही जमला नसता, आणि स्वतः अंगणात जाऊन झाकणात बसवली. अप्पा बघत होते. ती त्यांना म्हणाली, “आता डाग पडणार न्हाय, अहो.” कित्येक महिन्यांनी थेट त्यांना. त्या संध्याकाळी घरी हुग्गी, गव्हाची गोड खीर, झाली. सण कुठला नव्हता. अप्पांनी दोनदा वाढून घेतली आणि मला डोळ्याने खुणावलं, गप्प बस म्हणून.

गाडी बंद पडायला लागली ती त्यानंतर. आता क्रम लावून सांगते आहे म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी येतात. तेव्हा कुणी त्या जोडल्या नाहीत. निदान मला तसं वाटत होतं. लक्षणं ठरलेली होती. चोक ओढून चालू व्हायची, चोक सोडला की मरायची. रस्त्याला लागल्यावर थोडं अंतर नीट जायची, मग दम लागल्यासारखी अडखळायची, आणि थांबून अप्पांनी एक विडी ओढली की पुन्हा चालू. मी एक-एक करून संशयित काढले. प्लग घासला. पेट्रोल-ऑईलचं मिश्रण नीट मोजून केलं. मग मला वाटलं, आपल्या बोळात हवेतच कापसाचा तूस उडतो, भाकरीवरसुद्धा बसतो, तो एअर फिल्टरमध्ये जात असणार. फिल्टर काढला तर खरंच त्याला लव आली होती. मी आनंदाने धुतला, वाळवला, बसवला. गाडी दुसऱ्या दिवशी तशीच.

नाक्यावर रशीदचाचांचं गॅरेज होतं. ते दर वेळी कार्बोरेटर काढायचे, खालची वाटी उघडायचे, पितळेचं ते जेट, ज्याच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल वर चढतं, तोंडात धरून फुंकायचे आणि थुंकायचे.

“फिर वोइच कचरा, बेटा. काला, चिकट. किधर से आराय मेरेकू नै समजरा.”

“तार घालून बघू का चाचा?” मी विचारायची.

“तार नक्को डालना! भोक बडा हुआ तो गाडी पेट्रोल पिएगी, तेरे अप्पा चाय पीना बंद करेंगे.” मग ते अप्पांकडे वळायचे. “अप्पा, टाकी उतारने दो एक बार. अंदर की जाली फटेली रहेगी. झाडके देखता मैं.”

“टाकी ठीक हाय,” अप्पा म्हणायचे. “टाकीला हात लावायचा न्हाय.”

“अरे, टाकी क्या तुम्हारी नवरी है?”

“हात लावायचा न्हाय म्हनलं की!”

अप्पा हट्टी नव्हते. कुणी काही मागितलं तर आधी हो म्हणून मग विचार करणारा माणूस. पेट्रोलसुद्धा ते स्वतः भरायचे. पंपावरच्या पोऱ्याला झाकण उघडू द्यायचे नाहीत, उघडलेलं झाकण उलटं करून मुठीत धरायचे. मी हे सगळं बघत होते आणि याचा अर्थ ‘जुन्या गाडीवरचा जीव’ असा लावत होते.

पहिला वैरागचा बाजार चुकला तेव्हा गाडी गावाबाहेर पडल्या पडल्या थांबली आणि अप्पांनी ती ढकलत परत आणली. दुसऱ्या वेळी किकने उलटा झटका दिला आणि अप्पांचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आता एकच राहिला होता. त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. अव्वा कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवायची, अप्पा भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तो हातातच राहायचा. “जागा गेली तर हिच्या आत्यानं अकलूजला बोलावलंय,” ते एकदा भिंतीला म्हणाले. “दूधडेअरीत बघतो म्हनलाय तिचा नवरा. कॅन उचलायचं काम.” अव्वा म्हणाली, “ह्या पायानं?” आणि बाहेर जाऊन उगाच कण्या टाकत राहिली, कोंबड्या आमच्याकडे नव्हत्या तरी. चिमण्या आल्या.

“मी चालवते,” मी म्हणाले.

गाडी चालवायला अप्पांनीच शिकवलं होतं, कुंभारीच्या रस्त्याला, रविवारी. पण ते मोकळी गाडी, मोकळा रस्ता. आता मागे ते स्वतः आणि दोन्ही बाजूंना गाठोडी.

“गाठोड्यासकट तोल जातो, गिरजे.”

“तुमी मागं बसा. हलू नका, म्हंजे झालं.”

“बंद पडली तर?”

“तर उघडून साफ करते. चाचांनी दाखवलंय सगळं.”

अव्वा मध्ये पडली. “जाऊ द्या की तिला. हितं बसून डबं हलवून हलवून डोस्कं खाल्लंय माजं.”

पहाटे निघालो. अव्वाने धपाटे फडक्यात बांधून दिले आणि जाताना टाकीच्या झाकणावर बोट ठेवून बघितलं, कोरडं. समाधानाने मान हलवली. अप्पा दुसरीकडे बघत होते. चोक ओढून गाडी चालू झाली आणि मी चोक सोडलाच नाही, अर्धा ओढून तशीच निघाले. बार्शी रस्त्याला लागल्यावर गार वारा, मागे अप्पांच्या विडीचा वास, कानात इंजिनचा आवाज. मी त्या आवाजात बारीकसं अडखळणं शोधत होते आणि ते येत नव्हतं, म्हणून आणखी अस्वस्थ होत होते. आज माझ्या स्कूटरला कार्बोरेटरच नाही. बटण दाबलं की ती चालते आणि तिच्या आत काय चाललं आहे हे मला कळत नाही. तरी चढ आला की माझा डावा हात अजून चोक शोधतो.

वडाळ्याच्या पुढे ती अडखळली. एकदा, दोनदा, आणि मेली. दोन्ही बाजूंना कापून नेलेल्या ज्वारीची रानं, माणूस नाही. पूर्वेला तांबडं फुटत होतं, म्हणजे वैरागला पालं पडायला लागली असणार. मी गाडी स्टँडवर घेतली, पेट्रोलचा कॉक बंद केला, स्क्रू सैल केले, वाटी उघडली. अप्पा मैलाच्या दगडावर पाय पसरून बसले होते.

जेट काढून मी फुंकलं. भोकातून एक बारीक काळसर गुठळी निघून तळहातावर पडली. रोजचीच. चाचा ती थुंकून टाकायचे. माझ्याकडे पुसायला काही नव्हतं म्हणून मी तिच्यावर वाटीतलं उरलेलं पेट्रोल ओतलं आणि बोटाने चोळलं. ऑईलचा काळा रंग सुटला. खाली गुलाबी धागा होता.

मी उठून टाकीचं झाकण उघडलं. अव्वाची चकती. कडेचा काजाचा टाका जसाच्या तसा, एक दोरा सुटलेला नाही. पण मधोमध टॉवेलच्या वरच्या मऊ धाग्यांचे फासे गळून गेले होते, टक्कल पडल्यासारखे. नवा कोरा टॉवेल धुतल्याशिवाय वापरला की तूस सोडतो, अंगाला चिकटतो, हे आमच्या बोळात शेंबड्या पोराला माहीत असतं. अव्वाला माहीत नव्हतं असं नाही. पण अप्पांसाठी करायची वस्तू, ती जुन्या फडक्याची कशी करणार? तिने नवा कापला. खड्ड्या-खड्ड्याला पेट्रोल उसळून त्याचा तूस धुऊन नेत होतं, आत, फाटक्या जाळीतून थेट जेटपर्यंत.

“अप्पा,” मी म्हणाले, “हे बघितलंत का?”

त्यांनी मान वळवली नाही. रानाकडे बघत म्हणाले, “बघितलंय.”

“कधी?”

“पयल्यांदा बंद पडली तवाच. पंपावर. झाकणाला तूस लोंबत हुता.”

“मग काढली का नाही? गुडघा फोडून घेतलात!”

“काय सांगू तिला?” आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. “माज्याशी बोलली ती त्या दिवशी, गिरजे. तुज्याशी न्हाय, माज्याशी. चकती काडली आन् ती परत बोलायची बंद झाली तर? जागा काय, एक गेली तर दुसरी मिळंल.”

“दुसरी मिळणार नाही.”

“न्हाय मिळणार,” ते म्हणाले. “मला ठावं हाय.”

मी उजेडाकडे बघितलं, चकती काढली, पिळली आणि माझ्या ओढणीच्या टोकाला बांधली. अप्पा हाताने नको नको करत होते. पण गुडघ्यामुळे उठून यायला त्यांना वेळ लागणार होता आणि तोवर मी वाटी बसवली होती. चकतीशिवाय झाकण लावलं, किक मारली आणि चोक आत ढकलला. गाडी चालत राहिली. त्या रिकाम्या रस्त्यावर ती नुसती उभी राहून टर्रटर्र वाजत होती आणि मला तो जगातला सगळ्यात चांगला आवाज वाटला. टाकीत उरलेल्या तुसाने आणखी एकदा थांबवलंच. पुन्हा उघडलं, पुन्हा फुंकलं. पेट्रोल प्रत्येक खड्ड्याला उसळून माझ्या सलवारीवर येत होतं. जेट फुंकून फुंकून जीभ बधिर झाली होती.

वैरागात शिरलो तेव्हा बाजार भरत आला होता. गिरणीच्या भिंतीशी बांगड्या विकणारी कमळामावशी, अप्पांची बाजारातली जुनी शेजारीण, कमरेवर हात देऊन उभी होती. तिच्यासमोर प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड घेऊन एक पोपटी शर्टवाला. जमिनीवर दगड अजून होता, पण मावशी त्या दगडाकडेच बघत होती.

“मावशे, उचल की आता,” बादल्यावाला म्हणत होता. “तिसरा बाजार हाय. रीत ती रीत.”

“ऊन गिरणीच्या पायरीला लागू दे, मग उचलते.”

“पायरीला लागलंय की!”

“ती पायरी न्हवं, तो पायरीचा दगड. डोळं तपासून घे.”

मी गाडी थेट त्या दोघांच्या मध्ये नेऊन उभी केली. मावशीने नाकाला पदर लावला. “आगं बया, पेट्रोलात आंघूळ करून आलीस व्हय?” आणि अप्पांना म्हणाली, “लई वाट बघाय लावली, मालक. अजून थोडं आसतं तर माज्या हातानं उचलला आसता. मग माजा बी इलाज नव्हता.” बादल्यावाल्याने एक बादली दुसरीत घातली आणि शिव्या न देता निघून गेला. रीत त्यालाही माहीत होती. अप्पांनी वाकून दगड स्वतः उचलला, भिंतीशी ठेवला आणि त्याच्यावरच बसले. दिवसभर टॉवेल त्यांनी विकले. मी वारा वाहून जातो त्या अंगाला, गिऱ्हाइकांपासून लांब उभी होते.

परतीच्या रस्त्यावर मी अव्वाला काय सांगायचं ते क्रमाने ठरवलं. आधी जागा राहिली हे, मग विक्री, मग गाडी चांगली चालली हे, आणि चकती सगळ्यात शेवटी. अप्पा मागून म्हणत होते, “पडली कुटंतरी म्हणून सांग.” मी वेग वाढवला.

दिवेलागणीला घरी पोचलो. अव्वा दारातच होती. तिने जागेचं विचारलं नाही. माझ्या सलवारीकडे बघितलं.

“डाग कसा पडला? चकती कुटं हाय?”

माझी यादी तिने उलट्या टोकाकडून सुरू केली. मी ओढणीची गाठ सोडून चकती तिच्या हातात ठेवली. “अव्वा, ह्याचा तूस इंजिनात जात हुता. त्यानंच गाडी बंद पडत हुती. जागा राहिली.”

तिने कडेवरून अंगठा फिरवला. “शिवण सुटली न्हाय.”

“शिवण न्हाय सुटली.”

“कोरा घातला मी,” ती स्वतःशीच म्हणाली. “धुतला न्हाय.” मग मला विचारलं, “ह्यांना ठावं हुतं?”

ह्यांना. अंगणातल्या नळाखाली अप्पा पाय धुत होते, केव्हाचे धुऊन झालेले पाय. मी व्हय म्हणाले. अव्वा आत गेली. कारखान्यांत पाळी बदलत होती, माग थांबले होते, आणि त्या तेवढ्या वेळात बोळात फक्त नळाचं पाणी ऐकू येत होतं. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट होती. ती वीट धरण्यासाठी खाली तीच गुलाबी चकती घेतली होती.

“साकु आता ते पाणी,” ती म्हणाली. पुरे म्हणायला ती कायम तिच्या माहेरचाच शब्द वापरायची. “आयुष्यभर टॉवेल विकतोय माणूस, आन् कोरा टॉवेल तूस सोडतो एवढं बायकोला सांगता येईना.” माग पुन्हा सुरू झाले, म्हणून तिला आवाज चढवावा लागला. “अहो, तुमाला म्हणायलेय. बसा हितं. पाय इकडं करा.”